मामाचाच मेल टाक

आमच्या अख्ख्या गोतावळ्याचा ईमेल एकच होता, आणि तो माझा होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. घराण्यात पहिला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला, म्हणून पहिला ईमेलही माझाच निघाला. पुढे कुणाचा पॅनकार्डाचा अर्ज असो, कुणाची गॅसची नोंदणी असो, फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की गावाकडून मला फोन यायचा आणि मी पत्ता सांगायचो. नंतर फोनही येईनासे झाले. माझी थोरली बहीण पिशोरला दिलेली आहे. तिथल्या बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. त्या दुकानदाराला माझा पत्ता तोंडपाठ झाला होता. बहीण तिच्या मुलीला घेऊन तिथं गेली की बसायच्या आधीच सांगायची, "मामाचाच मेल टाक."

पासवर्डही सगळ्यांचाच. कुलदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. देवी घरचीच, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही, हे डोकं माझंच. कुणी नवा फोन घेतला आणि फोननं खातं मागितलं, की तिथंही माझंच खातं. त्यामुळे माझ्या फोनमध्ये पिशोरच्या दूधवाल्याचा नंबर होता, फवारणीचा पंप दुरुस्त करणाऱ्याचा नंबर होता, आणि फोटोंमध्ये कुणाकुणाची लेकरं आणि गुरं यायची. एकदा बायको माझा फोन बघत म्हणाली, "अहो, हे वासरू कुणाचं?" मला तरी कुठं माहीत होतं! ती मला सगळ्यांचा पोस्टमन म्हणायची. मी वरवर कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, या भावनेत मी मजेत होतो.

बहिणीची ही मुलगी, माझी भाची, लॅब टेक्निशियनचा कोर्स करून कन्नडला एका छोट्या लॅबमध्ये जात होती. रोज पिशोरहून बस, संध्याकाळी परत. तिनं इथं शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात जागा निघाली म्हणून अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं फक्त ईमेलवर येईल, असं जाहिरातीतच म्हटलं होतं. ईमेल अर्थातच माझा. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, तिला सांगून ठेवलं होतं की शहरात पक्की नोकरी लागली तर लग्नाचा विषय काढणार नाही. नाही लागली तर आलेल्या स्थळांना उत्तर द्यायचं. दाजी वाईट माणूस नाही. पण शब्दाचा पक्का आहे, दोन्ही बाजूंनी. म्हणून भाची बसमध्ये खिडकीशी बसून रोज माझा मेल उघडून बघायची. तिच्या फोनवर तो होताच.

वासरांचे आणि लेकरांचे फोटो साठून साठून माझी मेलची जागा संपली. वरती लाल पट्टी येऊ लागली. मी ती बघून न बघितल्यासारखी केली. मग एक दिवस पार्ट पुरवणाऱ्याचा फोन आला, "साहेब, तुमचा मेल परत येतोय, कोटेशन पाठवू कुठं?" मी दोन-चार पत्रं पुसली, आणि तेवढ्या जागेत त्याच दुपारी एक मेल येऊन पडला. तुमची जागा भरली आहे, आजच्या आज वाढवून घ्या, नाहीतर सगळी पत्रं पुसली जातील. मालकाला कोटेशन संध्याकाळी हवं होतं. मी लिंक दाबली. पान ओळखीचं दिसलं, रंग तेच, चिन्ह तेच. मी देवीचं नाव लिहिलं, एक-दोन-तीन लिहिलं आणि पुढे जा म्हटलं. काहीच झालं नाही. मी फिरून माझ्याच मेलच्या पानावर आलो. त्या गडबडीत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग आणखी जुनी पत्रं मी हातानंच पुसली, जागा झाली, कोटेशन आलं आणि मी विसरलो.

दोन-तीन दिवसांनी माझ्या लग्न झालेल्या मुलीच्या सासऱ्यांचा फोन आला. व्याही माणूस अंगानं चांगला भरलेला आहे. ते जरा संकोचून म्हणाले, "पाव्हणे, औषधाचं पाठवलंत ते बरं केलंत. पण हे घेतल्यावर भात बंद करावा लागतो का?" मला काही उमगेना. मी मेल उघडला तर माझ्या नावानं वजन कमी करायच्या औषधाची जाहिरात शेकडो लोकांना गेलेली. व्याह्यांना गेली, पिशोरच्या दूधवाल्याला गेली, आणि आमच्या मालकाला गेली. मालकानं मला केबिनमध्ये बोलावून फक्त एवढंच विचारलं, "आपल्या गिऱ्हाइकांना हे काय पाठवलंय?" मी म्हणालो, "घरात सगळ्यांकडे पासवर्ड आहे सर, पोरांनी कुठंतरी काहीतरी दाबलं असणार."

हे म्हणतानाच मला ते ओळखीचं दिसणारं पान आठवलं होतं. ते पान बनावट होतं आणि पासवर्ड मीच तिथं लिहून दिला होता, हे बोलताना मला माहीत होतं. तरी मी बोललो.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माझा स्वभाव असा, की लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की समोर कोण आहे हे मी बघत नाही. घरी येऊन मी आमच्या घरच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. लांबलचक टाकला. "फुकटचा मेल दिला म्हणून कुठंही बोटं लावायला लागले का तुम्ही? अकला कुठं ठेवल्या? माझी नोकरी जायची वेळ आली. आजपासून माझा पासवर्ड कुणीही मागायचा नाही. आणि एक ध्यानात ठेवा, फोनवर कोड आला तर तो कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. मी मागितला तरी नाही."

बऱ्याच वेळानं धाकट्या भावाच्या मुलानं लिहिलं, "सॉरी काका. मी एक गेम घेतला होता, त्यानंच झालं असंल." त्या पोराचा काडीचा संबंध नव्हता. मी त्याच्या सॉरीखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. ते अजून तिथं आहे.

त्या रविवारी मी खातं पक्कं करायला बसलो. पासवर्ड बदलला, या वेळी देवीला त्रास दिला नाही. माझ्या फोनवर विचारल्याशिवाय कुणाला आत येता येऊ नये अशी सोय केली. सगळ्या फोनांतून खातं बंद करायचं एक बटण असतं, तेही दाबलं. मग सेटिंग चाळताना एक गोष्ट सापडली. चोरानं आत शिरून एक नियम लावून ठेवला होता. लोकांनी त्या जाहिरातीला उत्तर दिलं तर ते उत्तर सरळ कचऱ्यात जावं, म्हणजे मला पत्ता लागू नये. मी तो नियम काढून टाकला. पण मनात म्हटलं, युक्ती झकास आहे. कोचिंग क्लासवाल्यांनी आणि भरतीच्या जाहिरातींनी मला वात आणला होता. गावातल्या पोरांनी कुठंकुठं माझा पत्ता दिला होता कुणास ठाऊक. मी तसाच एक नियम माझ्यासाठी लावला. ज्या मेलच्या विषयात 'रिक्रूटमेंट' हा शब्द असेल, तो न दाखवता कचऱ्यात टाकायचा.

चोराकडून शिकलेली गोष्ट मी घरच्याच माणसावर चालवत होतो, पण तेव्हा मला फक्त हुशार वाटलं. बायकोला बोलावून मी रिकामा झालेला इनबॉक्स दाखवला. ती म्हणाली, "चला, वासरू गेलं एकदाचं."

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

"मामा, माझ्या फोनमधनं मेल निघून गेला."

"निघून नाही गेला. मी काढला."

"मंग नवा पासवर्ड…"

"ग्रुपवर काय बोललो ते ऐकलं नाहीस का?"

"ऐकलं."

"मग? तुझा मेल आला की मी सांगीन. मी बसलोय ना इथं."

"व्हय मामा," ती म्हणाली.

नंतर ती आठवड्यातून एकदा फोन करायची. सुरुवातीला सरळ विचारायची. मग मामीची चौकशी, पाऊसपाणी, असं करत करत शेवटी विचारायची, आणि विचारताना "सहज" म्हणायची. मी फोन कानाला लावूनच इनबॉक्सवर नजर टाकायचो. "नाही आला. आला असता तर मी सांगितलं नसतं का?" एकदा तर मी म्हणालो, "सारखं सारखं काय विचारते गं, मोठ्या दवाखान्याचं काम आहे, वेळ लागतो." मला त्या दवाखान्याच्या कामाची काय माहिती होती? काहीही नव्हती. पण मामा म्हटल्यावर माहीत असल्यासारखं बोलावं लागतं.

मग एका दुपारी, मी कंपनीत डबा खात असताना तिचा फोन आला. या वेळी मामीची चौकशी झाली नाही.

"मामा, माझ्याबरोबर कोर्सला एक मुलगी होती ना, ती त्या दवाखान्यात हजर झाली. तिला मेल आल्ता म्हणं." मग म्हणाली, "तुम्ही जरा ते स्पॅममध्ये बघता का? कधी कधी तिथं जातंय."

मी स्पॅम उघडला. काही नव्हतं. "नाही गं," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता थांबलो. मला माझा नियम आठवला. "थांब, मी तुला नंतर करतो," म्हणून मी फोन ठेवला आणि कचरा उघडला.

क्लासच्या जाहिरातींच्या रांगेत तो मेल पडला होता. वर तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मूळ कागदपत्रं घेऊन यावं, अमुक तारखेला. तारीख कधीच होऊन गेली होती. आणि त्याच्या वरती, नंतर आलेला, दुसरा मेल होता. आपण हजर राहिला नाहीत, आपल्याला एक शेवटची संधी देण्यात येत आहे. तीही तारीख गेली होती. कचऱ्यातली पत्रं महिनाभरानं आपोआप पुसली जातात. तिनं आणखी थोडे दिवस वाट बघितली असती तर हेही मला कधी कळलं नसतं, आणि मी आयुष्यभर "आला असता तर सांगितलं असतं" म्हणत राहिलो असतो. माझ्यासमोर डबा तसाच उघडा होता. शेजारचा सहकारी म्हणाला, "काय झालं, खात का नाही?" मी म्हणालो, "भूक नाही."

मी तिला फोनवर काही सांगितलं नाही. उद्या सुट्टी घे आणि कागदपत्रं घेऊन ये, आपण दवाखान्यात जाऊन विचारू, एवढंच म्हणालो. ती सकाळच्या बसनं आली. दवाखान्याच्या फाटकाशी रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि अंगावर नवा पंजाबी ड्रेस होता. मुलाखतीसाठीच शिवून ठेवला असणार. तिच्या तोंडावर आशा दिसली आणि माझ्यानं पुढे चालवेना. मी तिथंच फाटकात उभं राहून तिला सांगितलं. मी नियम लावला होता, त्यानं तुझे मेल कचऱ्यात गेले.

"किती आल्ते?" तिनं विचारलं.

"दोन."

"दोन्ही गेले?"

"दोन्ही."

आम्ही आत गेलो. कचेरीतल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी संगणकावर बघितलं आणि म्हणाल्या, "आम्ही दोनदा कळवलं होतं. यांची निवड जवळजवळ नक्कीच होती, मार्क चांगले आहेत. पण आता ती जागा भरली." मी म्हणालो, "चूक माझी आहे मॅडम, मेल माझा आहे." त्या माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मग उमेदवारानं स्वतःचा मेल का नाही दिला?" त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. आमच्यात मेल म्हणजे मामाचाच, हे तिथं कसं सांगणार?

बाहेर येऊन मी तिला उसाच्या रसाच्या दुकानात नेलं. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. तिनं ग्लास हातात धरला आणि प्यायली नाही.

"मी रोज बघत व्हते मामा," ती म्हणाली. "बसमधी बसलं की पहिलं तेच. तुम्ही माझ्या फोनमधनं काढलं नसतं तर मी कचरा पण उघडून बघितला असता, मला दिसलं असतं."

"हो."

"मी पासवर्ड पुन्हा मागणार व्हते. पण तुम्ही लई चिडला व्हता."

तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. मी आजच पिशोरला येतो, ताईला आणि दाजींना सगळं सांगतो, असं म्हणालो. तिनं मान हलवली.

"आईला नका सांगू. मेल आलाच नाय, असंच म्हणू."

"का गं?"

"आईचा तुमच्यावर लई भरोसा हाय. शहरात तिला एकच घर हाय, मामाचं. तुमच्यात काही आलं तर ती कुणाकडं जाईल?"

मी नको म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो, आणि लगेच म्हणालो. किती लगेच म्हणालो, ते मला आजही आठवलं की स्वतःची चीड येते. आणि त्या बनावट पानाचं तर मी तिलाही सांगितलं नाही. मुळात ज्या रागापायी तिच्या फोनमधून मेल गेला, तो राग खोटा होता, हे तिला अजून माहीत नाही.

त्यानंतर बरेच दिवस मी पिशोरला जायचं टाळलं. कामाचं निमित्त सांगितलं. शेवटी ताईनंच फोन करून ये म्हणून धोशा लावला, तेव्हा एका रविवारी गेलो. ताईनं माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "तू आलास, बरं झालं. पुढच्या आठवड्यात हिला बघायला सोयगावचे पाव्हणे यायलेत. त्या वेळी तू पायजे." भाची भिंतीला टेकून फोनवर काहीतरी भरत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

दाजी माझ्या शेजारी जेवत होते. ते म्हणाले, "दवाखान्यातून साधा मेलसुदीक आला नाय बघा. सगळी वशिल्याची कामं. आपल्या लेकराला कोण विचारतं तिथं?"

त्या दवाखान्यानं माझ्या भाचीला दोनदा बोलावलं होतं. मी भाकरी मोडली आणि मान हलवली. हो, वशिलाच असतो, असं काहीतरी पुटपुटलोसुद्धा. ताईनं आणखी एक भाकरी वाढली, मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

"काय करायली गं?" ताईनं मुलीला विचारलं.

"जालना रोडला एका लॅबची जाहिरात हाय. अर्ज भरायले."

"मामाचाच मेल टाक," ताई चुलीकडं वळत म्हणाली. "तुझं नवं-बिवं काही करू नको. मामाकडं कसं, सगळं ध्यानात असतंय."

भाची म्हणाली, "टाकला आई."

मी तिच्या जवळच बसलो होतो. मला फोनचा पडदा दिसत होता. तिनं टाकलेला पत्ता तिच्या स्वतःच्या नावाचा होता. मी खाली ताटाकडं बघितलं आणि जेवण पुरं केलं.

दुपारच्या बसनं परत निघालो. ताईनं शेंगदाणे बांधून दिले होते, ती पिशवी मांडीवर होती. गाडी कन्नडच्या पुढे आली असेल तेवढ्यात फोन वाजला. नवा मेल आला होता. कुणीतरी आपल्या खात्याला अडचण आली तर मदतीसाठी तुमचा पत्ता दिला आहे, असं त्यात होतं. माणूस तुमच्या ओळखीचं असेल तर हा कोड त्याला कळवा, नसेल तर इथं दाबा. खाली भाचीचं नाव होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. एकदा पोळलो होतो, म्हणून पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा अक्षर अक्षर तपासला. खरा होता.

मी वाचतच होतो तेवढ्यात तिचा फोन आला.

"मामा, कोड आला का? तुम्ही कुणाला सांगायचा नाय म्हणलं व्हतं, पण हा…"

"घे लिहून," मी म्हणालो आणि एकेक आकडा सांगितला. गाडीच्या आवाजात तिला नीट ऐकू जाईना म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितला. कंडक्टर वळून बघायला लागला. मी सांगत राहिलो.

"झालं मामा. लागला."

ती फोन ठेवणार तेवढ्यात मी विचारलं, "अगं, पण माझा कामून टाकला?"



"मंग कुणाचा टाकू, मामा?" ती म्हणाली.